गॅलरीतल्या आईबाबांना, ब्लॉकच्या मागून

इंदूरच्या तरणतलावांवर मुलांना घेऊन येणाऱ्या आईबाबांना आणि आजी-आजोबांना. तसंच मुलांच्या प्रशिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या जलतरण स्पर्धांत मी गेली अकरा वर्षं टाइमकीपर म्हणून उभी राहते आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, ओळखत नसाल. पांढरा टीशर्ट, टोपी, हातात स्टॉपवॉच. टाइमकीपरची जागा स्टार्टिंग ब्लॉकच्या, म्हणजे मुलं जिथून उडी घेतात त्या ओट्याच्या, मागे असते. शर्यत सुटायच्या आधीची दोन-तीन मिनिटं मुलाच्या सगळ्यात जवळ आम्ही असतो, तुमच्याहून आणि सरांहूनही जवळ. तुम्हाला वरून कॅप आणि गॉगल दिसतो. मला पाय दिसतात.

मागच्या मे महिन्यात माझ्या लेनला दहा वर्षांची एक मुलगी होती. 50 मीटर फ्रीस्टाईल. ऊन असं की फरशीवर सारखं पाणी ओतावं लागत होतं, आणि हिच्या दंडांवर काटा आला होता. तिने गॉगल तीनदा काढला, तीनदा घातला. पायाची बोटं फरशी धरून ठेवल्यासारखी वळलेली. ओठ हलत होते. मला वाटलं, रामरक्षा म्हणते आहे. वाकून ऐकलं तर ती म्हणत होती, "बेचाळीसच्या आत, बेचाळीसच्या आत." लांब शिट्टी झाली. ब्लॉकवर चढता चढता तिने गॅलरीकडे पाहिलं. तिथून एक हात वर झाला, हातात मोबाइल, आणि आवाज आला, "बेचाळीस हं! लक्षात आहे ना?"

तिने उडी घेतली तेव्हा पोट आपटलं. पहिल्या काही मीटरमध्येच ती दर हाताला डोकं वर काढायला लागली. सरावात हीच मुलगी किती लांब, संथ हात टाकते ते मी पाहिलं आहे. भिंतीला हात लागला तेव्हा माझ्या घड्याळात 46 सेकंदांच्या वर काही होतं. मान वर न करता तिने विचारलं, "काकू, किती?" मी सांगितलं. पुढच्या हीटची, म्हणजे त्याच शर्यतीच्या पुढच्या तुकडीची, मुलं येऊन उभी राहिली तरी ती लेनची दोरी धरून पाण्यातच थांबली. बाहेर आलं की वर बघावं लागणार होतं.

हे पत्र त्या मुलीसाठी लिहिते आहे. तिच्या आईबाबांवर माझा राग नाही. पहाटे पाचला उठून, मुलीला स्कूटरवर मागे बसवून, ऑफिसच्या आधी पूलवर सोडणारी ही माणसं आहेत. त्यांचं प्रेम मला दिसतं. पण मुलाच्या मनाची तयारी स्पर्धेच्या दिवशी करता येत नाही. त्या दिवशी ती फक्त बिघडवता येते, आणि ती आपल्या हातून, मायेपोटी, बिघडते आहे. हे मी दर स्पर्धेला, दर हीटला बघते.

आधी शरीराचं सांगते, कारण अर्धा गैरसमज तिथेच आहे. शर्यतीआधी मुलाच्या पोटात गोळा येतो, हात गार पडतात, सारखी बाथरूमला लागते, छाती धडधडते. अॅड्रेनलिन वाढलं की हृदय जोरात चालतं आणि रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. पोहायला लागणारी सगळी जमवाजमव शरीर आपणहून करत असतं. बिघडलेलं काहीच नसतं. आणखी एक: पुष्कळ मुलांना ब्लॉकमागे जांभया येतात. एका बाबांनी त्यावरून मुलाला सगळ्यांसमोर झापलं, "रात्री लवकर झोप म्हटलं होतं ना!" मुलगा झोपलेला होता व्यवस्थित. ती जांभई घाबरल्याची होती.

अशा वेळी आपण म्हणतो, "घाबरू नकोस, शांत हो." धडधडणारं हृदय सांगून शांत होत नाही. उलट मुलाला वाटतं, मला हेही जमत नाही. 2014 साली हार्वर्डमधल्या एका संशोधिकेचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना गाणं, भाषण आणि गणितं करायला लावली होती. "मी शांत आहे" असं स्वतःशी म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. धडधड तीच, फक्त तिला नाव दुसरं दिलं. म्हणून मी मुलांना विचारते, "धडधडतंय? छान. म्हणजे अंग तयार झालं." एवढ्यावर कितीतरी मुलांचे खांदे खाली येतात.

श्वासाचा उपयोग होतो, पण योग्य श्वासाचा. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं चार-पाच वेळा. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. मात्र काही ठिकाणी मुलांना ब्लॉकमागे भराभर दहा-बारा मोठे श्वास घ्यायला लावतात, "फुप्फुसं भरून घे" म्हणून. कृपा करून हे आजच बंद करा. अशाने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, आणि "आता श्वास घे" ही सूचना मेंदूला तोच देतो. ती सूचना उशिरा आली तर मूल पाण्याखालीच शुद्ध हरपू शकतं. हा जिवाशी खेळ आहे.

आता मुख्य गोष्ट. पोहण्यासारखा एकटा खेळ नाही. क्रिकेटमध्ये कुणी हाक मारतं, कबड्डीत शेजारी गडी असतो. इथे कान पाण्याखाली गेले की बाहेरचं सगळं बंद. आपल्या इंदूरचा अद्वैत पागे 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 1500 मीटर फ्रीस्टाईलच्या अंतिम फेरीत पोहला. 50 मीटरच्या पूलमध्ये त्या 30 फेऱ्या होतात, पंधरा मिनिटांच्या वर. तेवढा वेळ माणूस आणि त्याचं डोकं, दोघंच. "अद्वैतसारखं हो" असं नऊ वर्षांच्या मुलांना सांगताना मी ऐकते तेव्हा वाटतं, त्या पंधरा मिनिटांत डोक्यात काय चालू ठेवायचं हे या मुलांना कुणी शिकवलं आहे का? पाण्यात शिरण्याआधी ऐकलेलं शेवटचं वाक्य तेवढं आत जातं. ते वाक्य आकडा असेल तर मूल आकडा पोहतं. आकड्याला हात नसतात, पाय नसतात. त्याचं करायचं काय, हे मुलाला कळत नाही.

हे मला माझ्या मुलीने शिकवलं, आणि फार उशिरा. ती बारा वर्षांची असताना बाहेरगावच्या एका स्पर्धेत तिची 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत होती. ती आत निघाली तेव्हा मी तिचा हात धरून म्हटलं, "बाबांनी सुट्टी टाकली आहे, एवढा खर्च करून आलोय, बघ हं." चार शब्द बरे सांगावेत म्हणून गेले होते, आणि तोंडातून हे निघालं. पहिल्या टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, तिचा एकच हात भिंतीला लागला. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, हे तिला सातव्या वर्षापासून पाठ होतं. ती बाद झाली. तिला कुणी काही सांगितलं नाही. तासाभराने भिंतीवर निकालाचा कागद लागला, त्यात नावापुढे वेळेच्या जागी इंग्रजी अक्षरं होती. ओल्या कॉश्च्युमवर टॉवेल गुंडाळून ती त्या कागदासमोर उभी होती, आणि मी तिला विचारलं, "असं कसं केलंस?" तिने पुढचे सात महिने पूलमध्ये पाय ठेवला नाही. आज ती मोठी आहे, मजेत पोहते, मला माफही केलं आहे. पण त्या टर्नला डोक्यात काय होतं असं मी कधीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबांची सुट्टी."

म्हणून त्यानंतर मी टाइमकीपर झाले, आणि फावल्या वेळात मुलांबरोबर एक साधा खेळ खेळायला लागले. तो तुम्हाला सविस्तर सांगते, कारण घरी करता येतो आणि त्याला एका स्टॉपवॉचशिवाय काही लागत नाही. मोबाइलमधलंही चालेल.

मुलाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचे, घड्याळ त्याच्याच हातात द्यायचं. "तुझी 50 मीटरची शर्यत मनात पोह. हॉर्न वाजला की बटण दाब, भिंतीला हात लागला की परत दाब." मधे काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं वीस-बावीस सेकंदांत डोळे उघडतात, प्रत्यक्षात वेळ चाळीसच्या आसपास असताना. मग विचारायचं, "पाणी गार होतं का? डाव्या हाताला काय दिसलं? श्वास कधी घेतलास?" तेव्हा मुलाला कळतं की आपण पोहलोच नाही, नुसते उडी मारून पोचलो. दुसऱ्या दिवशी परत. दोन-तीन आठवड्यांत मनातली वेळ खऱ्या वेळेच्या एक-दोन सेकंदांवर येते, आणि तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

यातून मला आणखी एक गोष्ट उमगली. मूल मनातल्या मनात जो भाग गाळतं, तिथेच त्याची भीती असते. एक मुलगा नेहमी टर्न गाळायचा. नीट विचारल्यावर सांगितलं की एकदा त्याची टाच भिंतीवर आपटली होती. सरांना माहीतच नव्हतं. एक मुलगी सुरुवात गाळायची, थेट पाण्यातच असायची. तिला ब्लॉकच्या उंचीची भीती होती. अशी भीती विचारून बाहेर येत नाही, "मला काही भीती नाही" असं मुलं ठणकावून सांगतात. डोळे मिटून पोहायला लावलं की कळते.

आणि मनातल्या शर्यतीत सगळं गोडगोड नको. मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बाउमन त्याला लहानपणापासून झोपताना आणि उठल्यावर अख्खी शर्यत मनात पोहायला लावत. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, आणि शेवटी शेवटी त्याला भिंतही दिसेना. त्याने आपले हात मोजले, भिंतीला हात लावला, आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रम केला. दिसत नसताना मोजायचं, हे त्याच्या डोक्यात आधीपासून तयार होतं. तर मुलांना विचारा, गॉगल सरकला तर काय करशील? शेजारचा पुढे गेला तर? उत्तर त्यांनीच शोधायचं. बॅकस्ट्रोकवाल्या, म्हणजे पाठीवर पोहणाऱ्या, मुलांना तर हे रोजच लागतं: भिंतीच्या 5 मीटर आधी डोक्यावर झेंड्यांची माळ असते, तिच्यापासून आपले हात किती पडतात हे ज्याला पाठ आहे ते मूल मान वळवून बघत नाही.

मग शर्यतीच्या दिवशी डोक्यात ठेवायला एक शब्द पुरतो. तो मुलाने निवडावा. एकाचा शब्द "सरळ" आहे. एका मुलीने "फुंकर" घेतला आहे, कारण ती पाण्यात श्वास सोडायला विसरते. या शब्दाचं हातापायांना काहीतरी करता येतं.

टायमिंगबद्दल टाइमकीपर म्हणूनच सांगते, म्हणजे पटेल. जिथे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसते तिथे वेळ माणसाच्या अंगठ्यावर असते. नियमाप्रमाणे एका लेनला तीन घड्याळं हवीत. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. लहान स्पर्धांत माणसं कमी पडतात आणि एका लेनला एकच जण उभा असतो. माझ्या शेजारच्या ताईंचं आणि माझं घड्याळ एकाच मुलावर सेकंदाच्या दोन-दोन दशांशांनी वेगळं आलेलं आहे, आणि आम्ही दोघी मन लावून काम करतो. तेवढ्याच दोन दशांशांवरून पार्किंगमध्ये मुलं रडताना मी पाहिली आहेत. शिवाय 25 मीटरच्या पूलमधली वेळ 50 मीटरच्या पूलमध्ये मागू नका. छोट्या पूलमध्ये टर्न जास्त, भिंतीला रेटा देऊन वेग जास्त मिळतो, म्हणून वेळ कमी येते. मोठ्या पूलमध्ये तेच मूल तितकंच छान पोहून "मागे गेलेलं" दिसतं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या आयांना वेगळं लिहायचं आहे. या वयात शरीर बदलतं, पाण्यातला तोल बदलतो, आणि वर्ष-दीड वर्ष वेळ जागेवरून हलत नाही किंवा वाढते. पुष्कळ मुली इथेच पोहणं सोडतात. गॅलरीतून "अंगाने भरली आहे जरा" हे वाक्य त्यांना ऐकू जातं; पाण्याबाहेर कान चांगले चालतात. पाळी आली म्हणून एक मुलगी हीट सोडून कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिली होती, कारण बाहेर बोलावणारे सगळे पुरुष होते. तेव्हापासून मी माझ्या पिशवीत लागेल ते सगळं ठेवते, आणि मुलींना तसं सांगूनही ठेवते.

आयोजकांना माझी विनंती आहे. शर्यतीआधी मुलांना बसवायला सावलीची जागा, बाकं आणि पिण्याचं पाणी द्या, आणि तिथे पालकांना प्रवेश नको. आम्हा टाइमकीपरांपैकी एखादी बाई तिथे बसेल. हीटचे कागद आदल्या संध्याकाळी लावा. कार्यक्रम पुढेमागे झाला तर माइकवरून सांगा, सात वाजल्यापासून आलेली मुलं अकराला अर्धी संपलेली असतात. आणि मूल बाद झालं तर तिथल्या तिथे, त्याच्या उंचीला वाकून, त्याला समजेल अशा भाषेत कारण सांगा. अर्धं मिनिट लागतं.

प्रशिक्षकांनो, तुमच्यावर भार फार आहे, एकेकाकडे तीस-चाळीस मुलं असतात, जाणते. पण आधी आखूड शिट्ट्या, मग लांब शिट्टी, मग "टेक युअर मार्क्स", मग हॉर्न, हा क्रम कितीतरी मुलं आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेतच ऐकतात. हॉर्नआधी उडी पडली की सरळ बाद, दुसरी संधी नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणा, शेवटची वीस मिनिटं खोटी स्पर्धा घ्या. खरी शिट्टी, अनोळखी लेन, बाकीच्या मुलांचा आरडाओरडा, एखाद्या फेरीत गॉगलशिवाय. मुलांना फार आवडतं हे. जी मुलं शनिवारी वीसदा घाबरली आहेत ती स्पर्धेत एकविसाव्यांदा घाबरतात.

आणि आईबाबांनो, तुम्ही काय करायचं? आदल्या रात्री पिशवी मुलाला भरू द्या; तुम्ही फक्त बघा की गॉगल दोन आहेत आणि कॅप दोन. सकाळी लाडाने राजवाड्यावरून पोहे-जलेबी आणून आग्रह करू नका, रोज जे खातं ते खाऊ दे. वॉर्मअपच्या आधी त्याच्या पाठीवर हात ठेवा, "मजा कर" किंवा तुमच्या घरात जे म्हणतात ते म्हणा, आणि मग शर्यत होईपर्यंत सोडून द्या. मोबाइल खाली ठेवा, निदान ते ब्लॉकवर चढेपर्यंत, कारण चढताना ते वर बघतं. त्या क्षणी त्याला तुमचा चेहरा दिसू दे. शर्यतीनंतर आकड्याचा विषय मूल काढेपर्यंत काढू नका. ते काढेल, फार तर घरी पोचल्यावर, जेवताना.

ती दहा वर्षांची मुलगी आता शनिवारी सराव संपल्यावर माझ्याकडे येते. तिच्या बाबांनीच आणून सोडलं पहिल्यांदा. परवा पायरीवर बसून, केसांतून पाणी गळत असताना, तिने डोळे मिटून 50 मीटर पोहून दाखवलं. घड्याळ 39 वर थांबलं. तिने आकडा बघितला, जरा विचार केला आणि म्हणाली, "काकू, शेवटी घाई झाली. फुंकर विसरले. परत करू?" मी घड्याळ शून्यावर आणून तिच्या हातात दिलं.

आपली,
एक टाइमकीपर
लोकमान्य नगर, इंदूर